‘मुद्दे कुठे आहेत?’ : ‘ऑथेल्लो’च्या एका प्रवेशानिमित्त

काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासणीच्या एका केंद्रावर आमच्यासमोर एम.ए. मराठीच्या शोकात्मिकेवरील प्रश्नपत्रिकेचा गठ्ठा होता. प्रश्न नेहमीचाच : ‘इयागोचे स्वभावचित्रण करा’. गुण पंधरा. गठ्ठ्यातील जवळजवळ सर्व उत्तरे एकाच साच्यातून काढलेली होती. इयागो कपटी आहे, मत्सरी आहे, महत्त्वाकांक्षी आहे, उत्तम नट आहे, स्त्रीद्वेष्टा आहे, आणि समारोपादाखल, तो ‘दुष्टपणाचा मूर्तिमंत पुतळा’ आहे. एक उत्तर मात्र वेगळे निघाले. दीडच पान होते. त्या विद्यार्थिनीने (अक्षरावरून नव्हे, क्रियापदांवरून विद्यार्थिनी) एवढेच लिहिले होते की, तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात इयागो आपली वाक्ये पुरी करीत नाही. तो ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नचिन्ह लावून त्याला परत देतो. आणि उरलेले वाक्य ऑथेल्लो स्वतःच्या मनाने पुरे करतो. शेवटी तिने लिहिले होते की, इयागो कसा आहे हे आपल्याला सांगता येत नाही, पण तो काय करतो ते दाखवता येते.

आम्ही अकरा गुण दिले. फेरतपासणीत ते पाच झाले. आम्ही विचारणा केली तेव्हा ज्येष्ठ परीक्षकांनी शांतपणे प्रतिप्रश्न केला, ‘‘मुद्दे कुठे आहेत?’’

त्या गृहस्थांविषयी आमच्या मनात राग नाही. त्यांच्यापुढे संध्याकाळपर्यंत संपवायचे आणखी गठ्ठे होते, आणि नमुना उत्तरात सहा मुद्दे छापलेले होते. शिवाय आम्ही दोघेही काही आभाळातून पडलेलो नाही. अध्यापनाची पहिली सात-आठ वर्षे आम्हीही वर्गात हेच सहा मुद्दे उतरवून देत आलो. वह्या भरल्या की शिकवणे झाले, अशी आमचीही समजूत होती. तेव्हा हा लेख कोणा एका परीक्षकाविरुद्ध नाही. आमच्या विद्याशाखेत घट्ट बसलेल्या एका सवयीविरुद्ध आहे आणि त्या सवयीच्या मागे उभ्या असलेल्या एका चुकीच्या सिद्धान्ताविरुद्ध आहे.

तो सिद्धान्त असा : व्यक्तिरेखा ही आधीपासून तयार असते. तिच्या अंगी काही गुण आणि काही दोष कोठारात धान्य साठवावे तसे साठवलेले असतात. संवाद म्हणजे त्या कोठाराला पाडलेले भोक; त्यातून आतले धान्य बाहेर सांडते. अभ्यासकाचे काम ते वेचून विशेषणांच्या पोत्यांत भरण्याचे. या सिद्धान्तात भाषेला स्वतःचे असे काहीच काम उरत नाही. ‘ऑथेल्लो’चा हा प्रवेश तो सिद्धान्त जितक्या स्वच्छपणे मोडीत काढतो तितका क्वचितच दुसरा कोणता काढत असेल.

* * *

प्रवेशाची चौकट आठवून पाहू. स्थळ सायप्रस. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो हा आपल्या पत्नीवर निःशंक प्रेम करणारा सेनापती आहे. साडेचारशेहून अधिक ओळींनंतर प्रवेश संपतो तेव्हा त्याने कॅसिओच्या हत्येची आज्ञा दिलेली आहे आणि डेस्डेमोनाच्या मृत्यूचा निश्चय केलेला आहे. मध्ये काय घडले? घटना म्हणून पाहिले तर एक हातरुमाल खाली पडला. बाकी सारे बोलणे आहे. १६९३ साली टॉमस रायमरने या रुमालावरून नाटकाची यथेच्छ टिंगल केली. एवढ्याशा फडक्यावर शोकात्मिका उभी राहतेच कशी, असा त्याचा सूर होता. रायमरला निदान एक गोष्ट दिसली होती : घटना फार थोडी आहे. मग उरलेला भार कोणी उचलला आहे, हा पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही. आमची मार्गदर्शकेही विचारत नाहीत. ती एका वाक्यात मोकळी होतात : ‘इयागो ऑथेल्लोचे कान भरतो’.

या वाक्प्रचारापाशीच आम्ही थांबू इच्छितो, कारण मराठीतला हा चांगला वाक्प्रचार येथे साफ चुकीचा आहे. कान भरायचे तर कानात घालायला काहीतरी लागते. इयागो सुरुवातीच्या दीर्घ भागात काहीच घालत नाही. कॅसिओ डेस्डेमोनाचा निरोप घेऊन निघून जात असताना तो आपल्याला हे आवडले नाही, अशा अर्थाचे काहीसे पुटपुटतो. काय म्हणालास, असे विचारताच तो ‘काही नाही’ म्हणतो, आणि लगेच ‘किंवा असलेच तर’ असे अर्धवट म्हणून सोडून देतो. पुढे तो विचारतो एवढेच की, तुमच्या प्रेमयाचनेच्या काळात कॅसिओला त्याची माहिती होती काय? माहिती होती, असे उत्तर येते. त्यावर इयागोचे भाष्य एका शब्दाचे आहे, आश्चर्याचे : ‘खरेच?’ ऑथेल्लो तो शब्द उचलतो, पुन्हा उच्चारतो, आणि कॅसिओ प्रामाणिक नाही काय, असे विचारतो. इयागो ‘प्रामाणिक?’ एवढेच परत करतो. तुला काय वाटते, असे विचारल्यावर ‘वाटते?’ एवढेच.

शेक्सपिअर येथे प्रेक्षकाला अंधारात ठेवीत नाही. हा माणूस माझ्याच शब्दांचा प्रतिध्वनी करतो आहे, जणू त्याच्या विचारात दाखवता येणार नाही असा एखादा अक्राळविक्राळ प्राणी दडला आहे, असे स्वतः ऑथेल्लोच म्हणतो. म्हणजे युक्ती त्याच्या लक्षात आली आहे. तिचा अर्थ मात्र त्याने उलटा लावला आहे. प्रतिध्वनी पोकळीतून येतो. ऑथेल्लोला वाटते तो भरलेल्या गुहेतून येतो आहे. त्या गुहेतला प्राणी कोणी निर्माण केला? इयागोने त्याचे नावही घेतलेले नाही. तो ऑथेल्लोच्या उपमेतून जन्माला आला आहे.

अशा बोलण्याचे मराठी रूप आपल्याला अपरिचित नाही. ‘मला काय त्याचं’, ‘आपण कशाला बोला’, ‘उगाच कोणाचं नाव घ्यायचं’, ‘जाऊ द्या, तुम्हांला त्रास होईल’. या वाक्यांत विधान नाही, म्हणून त्यांना पुरावा द्यावा लागत नाही आणि ती खोटी ठरवताही येत नाहीत. ऐकणारा आर्जव करून विधान काढून घेतो. ऑथेल्लोने तेच केले आहे. तो विनवतो, दरडावतो, मैत्रीची शपथ घालतो. आणि इयागो नकार देत राहतो. या प्रवेशात मागणारा ऑथेल्लो आहे. ही साधी व्याकरणिक वस्तुस्थिती सहा मुद्द्यांत कोठे बसते?

आता ‘मत्सर’ हा शब्द पाहावा. ऑथेल्लोचा ‘स्वभावदोष’ म्हणून जो शब्द प्रत्येक उत्तरात सापडतो, तो या प्रवेशात प्रथम इयागोच्या तोंडी येतो. आणि तोही स्वतःबद्दल. आपल्याला दुसऱ्यांचे दोष हुंगण्याची खोड आहे, आपल्या संशयी वृत्तीला नसलेले दोष दिसतात, असे तो कबूल करतो. कबुली खरी आहे आणि म्हणूनच कामाची आहे. त्यानंतर तो हाच शब्द सावधगिरीचा इशारा म्हणून ऑथेल्लोच्या पुढ्यात ठेवतो. रोग्याला रोगाचे नाव सांगून ‘हा तुम्हांला होऊ देऊ नका’ म्हणावे, तसे. ऑथेल्लोने तोवर तो शब्द स्वतःला लावून पाहिलेला नव्हता. आता तो आपल्याला लागू होत नाही हे सिद्ध करण्यासाठी तरी त्याला उच्चारावा लागतो. मी असल्या संशयाचे आयुष्य काढणारा नव्हे. आधी पाहीन, मग संशय घेईन, संशय घेतला तर सिद्ध करीन, असे तो ठणकावतो. भाषण बाणेदार आहे. पण त्यातला प्रत्येक टप्पा इयागोने आखून दिलेल्या वाटेवरचा आहे. ‘प्रश्नच उद्भवत नाही’ असे म्हणणारा माणूस काही क्षणांत ‘प्रश्न कसा सोडवीन’ हे सांगू लागला आहे.

आणि मग तो क्षण येतो, ज्यावर आमच्या मते सबंध नाटक तोलले आहे. डेस्डेमोनाने तुमच्याशी लग्न करताना स्वतःच्या पित्याला फसवले, याची आठवण इयागोने करून दिली आहे. (हे तो स्वतः शोधून काढत नाही, पहिल्या अंकात ब्रॅबॅन्शिओने जाता जाता दिलेला इशारा तो फक्त परत आणतो.) ऑथेल्लो मान्य करतो. तरीही ती प्रामाणिक आहे, असे म्हणतो. मग स्वतःशीच बोलल्यासारखे एक वाक्य सुरू करतो : आणि तरीही, निसर्ग स्वतःपासून ढळून कसा... वाक्य येथे तुटते. इयागो लगेच तेथे शिरतो, ‘हाच तर मुद्दा’ म्हणतो, आणि ते वाक्य आपल्या पद्धतीने पुरे करतो : तिने आपल्या देशाचे, आपल्या वर्णाचे, आपल्या दर्जाचे स्थळ नाकारले, यात काहीतरी विपरीत आहे.

ऑथेल्लो ते वाक्य कोठे नेणार होता, हे कोणालाच माहीत नाही. कदाचित तो निसर्गाच्या चुकण्याला क्षमा करणार होता. कदाचित त्याच्याही मनात तेच होते. नाटककाराने ते वाक्य त्याच्याकडून काढून घेतले आहे. आरंभी इयागो अर्धी वाक्ये टाकीत होता आणि ऑथेल्लो ती पुरी करीत होता; आता ऑथेल्लो अर्धे वाक्य टाकतो आणि इयागो ते पुरे करतो. दोन माणसे मिळून एक वाक्य बोलू लागली. इयागो बाजूला होताच ऑथेल्लोचे स्वगत येते. त्यात आपण काळे आहोत, दरबारी संभाषणाची मृदुता आपल्यापाशी नाही, वयाने उतरणीला लागलो आहोत, अशी कारणांची यादी तो स्वतःच करतो. पहिल्या अंकात व्हेनिसच्या सभेपुढे ज्याने आपल्या वाणीनेच डेस्डेमोनाला जिंकल्याची कथा सांगितली, तोच माणूस आपल्याला बोलता येत नाही, असे म्हणू लागतो. त्याच स्वगतात तो अंधारकोठडीच्या कोंदट हवेवर जगणारा बेडूक होणे पत्करीन, असे म्हणतो. पहिल्या अंकात ब्रॅबॅन्शिओच्या खिडकीखाली जनावरांची भाषा इयागोची होती. या प्रवेशाच्या पुढच्या भागात बोकड, माकडे आणि लांडगे इयागोच घेऊन येतो. चौथ्या अंकात भर पाहुण्यांसमोर ऑथेल्लोच्या तोंडून तेच बोकड आणि माकडे बाहेर पडतात. त्या जनावरांचा प्रवास ज्याने कान देऊन ऐकला, त्याला ‘ऑथेल्लो मुळातच मत्सरी होता’ असे लिहिणे जड जावे.

* * *

यावर समीक्षेतील थोर नावे आमच्या अंगावर फेकली जातील, हे आम्ही जाणून आहोत. ए. सी. ब्रॅडलीने १९०४ मध्ये उदात्त, संशयापासून दूर असलेला आणि अलौकिक कपटाला बळी पडलेला ऑथेल्लो उभा केला. पुढे १९२७ मध्ये टी. एस. एलियटने त्याच्या शेवटच्या भाषणात स्वतःचीच समजूत घालणारा माणूस पाहिला. आणि १९३७ मध्ये एफ. आर. लीव्हिसने ब्रॅडलीची मूर्ती फोडली. त्याच्या मते इयागोची किमया फारशी नाहीच. ऑथेल्लो आश्चर्यकारक चपळाईने शरण जातो, कारण आत्मगौरवाचे बीज त्याच्यातच आहे. आमच्या वर्गांत हा वाद ‘ऑथेल्लो उदात्त की अहंकारी?’ अशा प्रश्नाच्या रूपाने पोचतो आणि विद्यार्थी दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे लिहून मधला मार्ग स्वीकारतात.

आमचे म्हणणे असे की, हे दोन पक्ष वैरी दिसले तरी एकाच अंगणात उभे आहेत. कोठारात काय आहे एवढाच त्यांचा वाद. कोठार आहे याबद्दल एकमत. लीव्हिसचे कान तीक्ष्ण होते आणि शरणागतीचा वेग त्याने अचूक टिपला. पण वेगाचे कारण त्याने पुन्हा स्वभावात शोधले. ऑथेल्लो ज्या भाषेत विचार करतो ती उंच, संपूर्ण, संथ लाटांची आहे. विल्सन नाइटने १९३० मध्ये तिला संगीताची उपमा दिली ती याचसाठी. अशा भाषेत ‘कदाचित’ला जागा नसते. इयागोची भाषा केवळ ‘कदाचित’ची आहे. एकाला अर्धवट वाक्य सहन होत नाही, दुसऱ्याला पूर्ण वाक्य परवडत नाही. या दोन बोलण्यांची गाठ पडल्यावर पहिल्याने दुसऱ्याची वाक्ये पुरी करीत सुटावे, यात नवल नाही. हेच त्याचे व्यक्तित्व, असे कोणी म्हणाले तर आमची हरकत नाही. मात्र ते आपण विशेषणांतून नव्हे, वाक्यरचनेतून ओळखले, हे त्यांनी मान्य करावे.

अलीकडे तिसरा एक पक्षही वर्गात दिसतो. तो म्हणतो, ऑथेल्लो काळा आहे, समाज वर्णद्वेष्टा आहे, संपले विश्लेषण. या पक्षाची दिशा आम्हांला मान्य आहे. जातीची उतरंड रोज पाहणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकाला ती अधिकच जवळची वाटावी. पण ‘संपले’ हा शब्द मान्य नाही. वर्णद्वेष या नाटकात पहिल्या प्रवेशापासून हवेत आहे आणि तरीही पहिल्या अंकात ऑथेल्लो त्याच्यासमोर ताठ उभा आहे. तोच द्वेष तिसऱ्या अंकात त्याच्या स्वतःच्या स्वगतातून कसा बोलू लागतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या तुटलेल्या आणि दुसऱ्याने पुऱ्या केलेल्या वाक्यात आहे. अवहेलना बाहेरून होते तोवर माणूस तिच्याशी लढू शकतो. ती त्याच्या प्रथमपुरुषी वाक्यात शिरली की लढणारा कोण उरला?

आणि ॲरिस्टॉटल? ‘नायकाचा स्वभावदोष’ हा आमच्या नोट्समधला लाडका शब्द त्याच्या नावावर खपवला जातो. ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणातील ‘हमार्शिया’चा अर्थ चूक, प्रमाद, नेम चुकणे असा आहे, ते कृतीचे नाव आहे, स्वभावाचे नव्हे. शोकात्मिकेत कृती आधी आणि स्वभाव नंतर, हे तर त्याने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. म्हणजे ज्याच्या आधारावर आम्ही दोषांच्या याद्या करतो, तोच आमच्या बाजूने नाही.

* * *

याद्यांचा सर्वाधिक अन्याय डेस्डेमोनावर झाला आहे. ‘भोळी, निष्पाप, आज्ञाधारक पत्नी’ हे तिचे ठरलेले वर्णन. या प्रवेशातील तिचे बोलणे ज्याने वाचले आहे त्याला हे वर्णन कोणत्या बाईचे आहे, असा प्रश्न पडावा. कॅसिओला परत घ्या, असा तिचा आग्रह आहे. कधी? आज रात्री जेवताना? नाही तर उद्या दुपारी? मग मंगळवारी सकाळी, दुपारी, रात्री, बुधवारी? पण तीन दिवसांच्या पुढे नाही. ही घासाघीस करणारी, नवऱ्याला चिडवणारी, आपला हक्क ठाऊक असलेली स्त्री आहे. ऑथेल्लो तुला काहीच नाकारणार नाही म्हणतो तेव्हा ती आभार मानत नाही. ही काही मी मागितलेली देणगी नव्हे, तुम्ही हातमोजे घाला, नीट जेवा असे सांगण्यासारखेच हे आहे, असे ती म्हणते. संशयाचे विष भिनण्यापूर्वीचे हे दांपत्य किती मोकळेपणाने बोलत होते, हे या संवादाशिवाय कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय पुढचा विनाश हा विनाश वाटणार नाही. तिला ‘भोळी’ ठरवून आपण शोकात्मिकेची किंमतच कमी करतो. शिवाय क्रूर गंमत अशी की, हाच मोकळेपणा इयागोच्या भाषेत पुरावा म्हणून वापरला जाणार आहे.

येथे मराठी वाचकाच्या हाती एक हत्यार आहे, आणि आम्ही ते वापरत नाही याचे आम्हांला वैषम्य वाटते. शेक्सपिअरच्या इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद जिवंत होता. आजच्या इंग्रजीत तो उरलेला नाही. आपल्याकडे तो रोजच्या बोलण्यात आहे. निरोप देताना ऑथेल्लो डेस्डेमोनाला एकेरी, जवळिकीच्या सर्वनामाने संबोधतो. इयागोशी बोलणे झाल्यावर ती परत येते, त्याचे दुखरे कपाळ रुमालाने बांधू पाहते, तेव्हा तो अनेकवचनी, दूरच्या सर्वनामात बोलतो. नियम काटेकोर नाही; त्याआधी लाडाने बोलतानाही त्याने एकदा अनेकवचन वापरले आहे. तरीही ते रुमालाचे वाक्य ज्या थंडपणे येते, तो थंडपणा सर्वनामातही ऐकू येतो. आणि प्रवेशाचा शेवट पाहावा : ऑथेल्लो इयागोला ‘तू’ म्हणून आपला दुय्यम अधिकारी नेमतो, इयागो ‘तुमचाच’ म्हणून कायमचा बांधला जातो. विवाहाच्या शपथेची विटंबना वाटावी असे हे गुडघे टेकून झालेले वचन आहे, आणि त्यातील मान-अपमानाची उतरंड मराठी कानाला सहज कळते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याला ‘झुंजारराव’ केले. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून कोणाच्या तोंडी काय घालायचे, हा निर्णय मराठी अनुवादकाला ओळीओळीला घ्यावा लागतो. प्रत्येक निर्णय ही व्यक्तिरेखनाविषयीची समीक्षाच असते. आमच्या अभ्यासक्रमात या रूपांतरांची सालावळ आहे, असले निर्णय नाहीत.

दुसरे उदाहरण त्या कुप्रसिद्ध विशेषणाचे. मूळ नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द पन्नासहून अधिक वेळा येतात. विल्यम एम्पसनने १९५१ च्या आपल्या ग्रंथात त्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. इयागोला लावला की त्याचा अर्थ सरळ, दिलखुलास, थोडे वरून हात ठेवून म्हटलेले ‘भला माणूस’. डेस्डेमोनाला लावला की शीलवती. मराठीत प्रामाणिक, इमानी, भला, सच्चा, शीलवान असे शब्द आहेत. पण पुरुषाचा भरवसा आणि स्त्रीचे शील एकाच शब्दात बांधणारा शब्द नाही. अनुवादात म्हणून ती गाठ सुटते. मूळ नाटकात एकच शब्द एका माणसाकडून काढून घेऊन दुसऱ्याला दिला जातो : जितका इयागो ‘ऑनेस्ट’ ठरत जातो तितकी डेस्डेमोना ठरेनाशी होते. वर्गात आम्ही हल्ली हा शब्द मराठीत आणण्याचा प्रयत्न करायला सांगतो. एका तासात वीस मुलांनी वीस पर्याय दिले, प्रत्येक पर्याय कोठेतरी अडला, आणि तो कोठे अडतो हे सांगताना इयागोविषयी त्यांच्याकडून जे निघाले ते कोणत्याही मार्गदर्शकात आम्हांला आढळलेले नाही.

* * *

आमच्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो परीक्षेच्या सोयीचा नाही. भाषाच सारे करीत असेल तर ऑथेल्लो दोषी कसा? मग ही शोकात्मिका न राहता अपघात ठरेल.

या आक्षेपाचे उत्तर प्रवेशाच्या उत्तरार्धात आहे. परत आलेला ऑथेल्लो इयागोची गचांडी धरतो आणि डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. हा शुद्धीचा क्षण आहे. इयागो काय देतो? आधी तो विचारतो की तुमचे समाधान नेमके कशाने होईल, आणि जे प्रत्यक्ष पाहणे अशक्य आहे त्याचे किळसवाणे वर्णन करून पाहण्याची मागणीच लाजिरवाणी करून टाकतो. मग तो एक गोष्ट सांगतो : दाढदुखीमुळे जागा असताना शेजारी झोपलेला कॅसिओ स्वप्नात काय बरळला त्याची. डोळ्यांचा पुरावा मागणाऱ्याला कानांचा पुरावा मिळाला. तोही स्वप्नाचा, आणि तोही सांगोवांगी. सर्वांत लक्षणीय म्हणजे, हे नुसते स्वप्न होते, याची आठवण स्वतः इयागोच करून देतो. त्या स्वप्नावरून आधी घडून गेलेल्या कृत्याचा निष्कर्ष काढतो तो ऑथेल्लो. म्हणजे पुरावा नाकारण्याची संधी त्याच्या हातात दिली गेली होती. त्याने ती भाष्य करून परत केली. दोष असेल तर तो येथे आहे, एका कृतीत, एका वाक्याच्या जागी. ॲरिस्टॉटलचा ‘नेम चुकणे’ हा शब्द आम्हांला येथे चपखल वाटतो.

आणि नेम चुकल्यानंतर त्याची जुनी वाणी परत येते, हे या प्रवेशाचे भयंकर सौंदर्य. सूडाचा निश्चय करताना तो काळ्या समुद्राच्या, मागे न फिरणाऱ्या प्रवाहाची विशाल उपमा देतो. (१६२२ च्या प्रतीत ही उपमा नाही, १६२३ च्या संग्रहात आहे.) लाटा त्याच आहेत, संथ आणि संपूर्ण. फक्त आता त्यांवर इयागोचे गलबत तरंगते आहे. स्वभाव बदलला काय? विशेषणांच्या भाषेत या प्रश्नाला उत्तरच नाही.

राहिला सोयीचा आक्षेप. ग्रामीण भागातून आलेल्या, घरी पुस्तक नसलेल्या मुलांना मुद्दे दिले नाहीत तर ती उत्तीर्ण कशी होतील, असे सहकारी विचारतात. या मुलांविषयीची त्यांची कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष आम्हांला अपमानास्पद वाटतो. ‘मी काही म्हणत नाही, पण’ हे वाक्य कसे काम करते, हे गावात, पारावर, भावकीच्या भांडणात वाढलेल्या मुलाला शिकवावे लागत नाही. एखाद्या मुलीच्या नावाभोवती असे अर्धे वाक्य फिरले की तिचे शिक्षण कसे थांबते, हे वर्गातल्या मुलींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. हे ज्ञान घेऊन ती मुले वर्गात येतात आणि आम्ही त्यांना ते बाहेर ठेवून सहा विशेषणे पाठ करायला लावतो. ज्या काळात कोणीही कोणाविषयी पुरावा न देता अर्धे वाक्य सोडावे आणि हजारोंनी ते पुरे करावे, अशी साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत, त्या काळात ‘हे वाक्य कोणी पुरे केले?’ असे विचारता येणे ही साहित्याच्या विद्यार्थ्याची किमान कमाई असली पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रश्नपत्रिकेतून ‘स्वभावचित्रण करा’ हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी प्रवेशातील पंधरा-वीस ओळी छापाव्यात आणि विचारावे : येथे कोण कोणाचे वाक्य पुरे करतो? कोणता शब्द प्रथम कोणी उच्चारला? सर्वनाम कोठे बदलले? याला पाठांतर चालणार नाही, तपासायला वेळ लागेल, आणि नमुना उत्तर छापता येणार नाही. यांपैकी एकही गैरसोय आम्हांला त्या प्रश्नाविरुद्धचा युक्तिवाद वाटत नाही.

त्या दीड पानाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नव्हते, असायचेही नसते. तिला मिळालेले पाच गुण आता बदलता येणार नाहीत. ‘मुद्दे कुठे आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र तेव्हा आमच्यापाशी नव्हते आणि आता आहे : सर, ते तिने दाखवलेल्या प्रश्नचिन्हांत होते.